बिल्ला ज्याचा त्यानं काढायचा

मास्तर, मागच्या महिन्यात आपल्या साखर कारखान्यावर जाऊन आलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की टाइम ऑफिसात तुमचा विषय काढला तर दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि तिसऱ्यानं चहा मागवला. कळंबहून येणारा रस्ता आता चांगला झालाय. एसटीतून उतरून धुरळ्यातून चालायचा आपला तो तुकडा राहिला नाही, गाडी थेट फाटकाशी जाते. पण आत शिरलो, मळीचा वास आला आणि माझे कान कामाला लागले. तुम्ही म्हणायचे, "ह्याला डोळं उगंच दिल्यात, ह्यो कानानंच बगतो." ऊस आत नेणाऱ्या गव्हाणीची साखळी कुठं अडतीय, कुठल्या पंपाला तेल पाहिजे, हे मला खुर्चीवरून उठल्याशिवाय कळायचं. पुढं पुण्यात ह्याच कानांवर पोट भरलं. गिऱ्हाईक काय बोलतं त्याला फार महत्त्व देऊ नये, बोलता बोलता कुठं थांबतं ते ऐकावं.

तुम्हाला आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे हे पत्र कशासाठी ते कळेल. माझी कंपनी आहे, चाळीसेक पोरं-पोरी कामाला आहेत. आम्ही कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम बसवून देतो. हा प्रोग्राम स्वतः काहीच करत नाही. ऊस तोडत नाही, वजन करत नाही, पगार काढत नाही. कोणतं काम कशानंतर व्हायचं हे त्याला ठाऊक असतं. मागचं झालं की तो पुढच्याला उठवतो, नाही झालं तर कुणाला सांगायचं त्याला सांगतो. एवढंच. तुमचा खिळ्यांचा फळा होता ना, तोच समजा, फक्त हजार खिळ्यांचा आणि जेवायला न उठणारा.

आणि मास्तर, ह्याचा फायदा होतो, हे मी विकतो म्हणून सांगत नाही. एका बँकेत दिवसाचं काम बंद करायला दोन माणसं निव्वळ वाट बघायला ठेवलेली होती. एका शाखेचा आकडा आला की दुसऱ्याला हाक मारायची, हेच काम. ती दोघं आता काउंटरवर बसून लोकांशी बोलतात. एका दूधसंघात टँकर निघून जायचा आणि दुधाची तपासणी मागाहून व्हायची. आता तपासणी झाल्याशिवाय टँकरची चिठ्ठीच निघत नाही. आपल्या कारखान्याचंच घ्या. तोडणीची पाळी कुणाची, गाडी कुठली, गाडीअड्ड्यावर कितव्या नंबरला, सगळं शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतं. पूर्वी बैलगाड्या दोन-दोन दिवस उन्हात उभ्या राहायच्या आणि मुकादमाच्या पुढंपुढं करणाऱ्याची गाडी आधी आत जायची. ते बंद झालं. अड्ड्यावर एक म्हातारा मला म्हणाला, "लई ब्येस केलंसा. मशीनला तमाखू खायला न्हाय लागत." मी मनापासून हसलो. हे काम मला आवडतं.

आता कारखान्याला रसाच्या भांड्यांच्या सफाईचं कामही ह्याच प्रोग्रामवर पाहिजे. मिल बंद कधी ठेवायची, वाफ कधी तोडायची, माणसं आत कधी सोडायची, बाहेर आली की वाफ परत कधी द्यायची, सगळं. आत उतरणाऱ्याच्या मोबाइलवर प्रश्न जातो, "बाहेर आलात का?" त्यानं "हो" दाबलं की पुढचं काम सुटतं. इथपर्यंत ठीक आहे. पण कारखान्याचे एमडी म्हणाले, माणसं दाबत नाहीत, विसरतात, मिल खोळंबते. दहा मिनिटं उत्तर आलं नाही तर "हो" धरून पुढं चालू द्या. एमडी तरुण आहेत, सभ्य आहेत, मला काका म्हणतात. आणि मी ते करून देतो म्हणालो.

म्हणून तुम्हाला लिहितोय. दुसऱ्या कुणाला लिहिणार?

त्या दुष्काळात मी तेवीस वर्षांचा होतो आणि टाइम ऑफिसातला तुमच्या हाताखालचा क्लार्क. ऊस निम्मासुद्धा नव्हता. जो होता तो तोडून आणला की वाळायच्या आत गाळायचा, एवढीच सगळ्यांची घाई. पण रस आटवायची ती मोठी लोखंडी भांडी, ज्यांना आपण बॉडी म्हणायचो, ती थोड्या थोड्या दिवसांनी साफ करावीच लागायची. भांड्याच्या पोटात उभ्या नळ्यांची रांग, नळ्यांच्या आतून रस, बाहेरून वाफ. नळ्यांना आतून दगडासारखी खपली धरायची. मग वाफ तोडायची, भांडी थंड करायची, बाजूचं झाकण काढायचं आणि माणसं आत जाऊन नळ्यांच्या वरच्या पत्र्यावर उभी राहून तारेच्या ब्रशनं एकेक नळी घासायची. आत अंधार, एक दिवा वायरला लोंबकळलेला.

आणि वाफेच्या व्हॉल्व्हशेजारी तुमचा तो फळा. आत जाणाऱ्यानं आपला नंबरचा पत्र्याचा बिल्ला त्यावर अडकवायचा, बाहेर आला की स्वतःच्या हातानं काढायचा. दुसऱ्याचा बिल्ला कुणी काढायचा नाही, चीफ इंजिनियरसाहेबांनीसुद्धा नाही. फळा रिकामा झाल्याशिवाय फिटर व्हॉल्व्हला हात लावणार नाही. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, तुम्हीच बसवलेलं होतं.

माझ्या नजरेला त्यात एक भोक दिसलं. रोज सकाळी साडेदहाच्या सुमाराला पाण्याचा टँकर यायचा. फाटकाशी त्याचा हॉर्न वाजला की जो तो हातातलं टाकून घागरी घेऊन पळायचा. सफाईवाले भांड्यातून निघायचे ते थेट टँकरला. बिल्ले फळ्यावर तसेच. पाणी भरून, घरी पोचवून, बिडी ओढून माणसं परत यायची आणि मग बिल्ले निघायचे. तोवर पाऊण-एक तास फुकट. मी चीफसाहेबांना कागदावर आखून दिलं. हॉर्न वाजला की माणसं बाहेर आलीच. तेव्हा क्लार्कनं बिल्ले काढून ऑफिसात आणावेत, माणसांनी मागाहून न्यावेत. आणि माणसं पाणी भरतायत तेवढ्यात फिटरनं थोडी वाफ सोडून भांडी गरम करायला घ्यावीत. आली की झाकणं लावायची, मिल चालू. एकामागून एक होणारी दोन कामं एकाच वेळी. आज गिऱ्हाइकाला मी हेच तर समजावून सांगतो. चीफसाहेबांनी पाठीवर हात मारला. तुम्ही कागद दोनदा वाचला आणि म्हणालात, "बाकी काय बी बदल. बिल्ला ज्याचा त्यानं काढायचा." मी म्हणालो, "मास्तर, पण मग वाचलं काय?" तुम्ही कागद घडी करून परत दिलात. मला वाटलं, म्हातारं माणूस, सवय सुटत नाही.

पहिल्या दोन सफाईंना काही झालं नाही. तासाभराच्या आत मिल फिरायला लागली. कँटीनमध्ये लोक मला छोटे चीफ म्हणायला लागले, आणि मला ते गोड वाटायचं.

तिसऱ्या सफाईला तुम्ही ऑफिसच्या कामानं कळंबला गेला होतात. टँकरचा हॉर्न वाजतो. माणसं पळतात. मी कापडी पिशवी घेऊन फळ्याशी येतो आणि बिल्ले काढतो, एक, दोन, नऊ. फिटर वयानं थोर, सावध माणूस. तो मला विचारतो, "फळा मोकळा हाय का?" मी म्हणतो, "मोकळा आहे." खोटं नव्हतं ते. मीच मोकळा केला होता. त्यानं व्हॉल्व्ह हळूहळू फिरवला, आणि पाइपातून तो नेहमीचा आवाज आला, लांबून कुणीतरी सुस्कारा सोडल्यासारखा.

तुम्ही एसटीतून उतरून टँकरच्या बाजूनं येत होतात. रांगेच्या शेवटी आपल्या सफाईवाल्यांतल्या एकाची बायको दोन घागरी घेऊन एकटीच उभी होती. तो तुमच्याच वस्तीतला. तुम्ही तिला विचारलंत, "त्यो कुठाय?" ती म्हणाली, "कामावर हाय की." एवढंच. बाकीचं मी स्वतः बघितलं. पन्नाशीचा माणूस, धोतराचा सोगा हातात धरून, अड्ड्यातल्या बैलांमधून पळत येतोय. मला आधी वाटलं, तुमच्या घरी काहीतरी झालं. तुम्ही माझ्याकडं बघितलं पण नाही. "बंद कर," म्हणालात फिटरला. तिसऱ्या भांड्याच्या झाकणाच्या भोकातून पांढरं येत होतं. आतली एक नळी फुटकी निघाली होती, तिच्यातून वाफ भांड्यात भरली होती, आणि आत माणसाला भोक सापडत नव्हतं. तुम्ही कमरेपर्यंत आत वाकून त्याचा हात धरलात. तो बाहेर आला तेव्हा ओरडत नव्हता. हातात ब्रश तसाच होता. पायांकडं बघायचं माझ्याच्यानं झालं नाही. पत्रा तापलेला, आणि रबरी चपला पायाला चिकटून वितळलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या घरी आलो. दोन वर्षं तुमच्या हाताखाली होतो, तुमच्या डब्यातलं खाल्लं होतं, पण घरी कधी आलो नव्हतो. कुणी यायचं नाही, म्हणून मीही यायचो नाही, आणि त्यात काही चुकतंय असं वाटायचं नाही. तुम्ही चुलीजवळ बसून रेशनच्या लाल ज्वारीची भाकरी खात होतात. मास्तरीणबाईंनी माझ्यापुढं अर्धा पेला पाणी ठेवलं. पूर्ण नाही, अर्धा. मी बोलायला लागलो, की हॉर्न वाजल्यावर सगळे पळतात, रोज पळतात, मी महिनाभर बघितलंय.

"कोण पळतंय?" तुम्ही विचारलंत.

"सगळेच."

"ज्याची पाळी आधी हाय, ते पळत्यात. कॉलनीचं भरून झालं, मग अड्ड्यावरल्यांचं, मग टाकीच्या बुडाला राहील ते आमच्या घागरीत. पळून काय करायचं रं? त्यानं इचार केला, तवर धा-बारा नळ्या घासून हुतील."

"पण मागच्या दोन वेळेला..."

"मागच्या दोन बाऱ्या त्याचं काम आधीच सरलं हुतं. नशीब तुजं." तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात आणि खाल्ला नाहीत. "टँकर कवा येतो, किती वाजता येतो, किती येळ थांबतो, समदं लिवलंस. कोण कवा भरतंय ते न्हाय लिवलंस. तू हॉर्नला इचारलंस. फिटरनं फळ्याला इचारलं. माणसाला कुणीच न्हाय इचारलं."

मास्तरीणबाई चुलीकडं तोंड करून म्हणाल्या, "पाणी घ्या. काल भरलेलं हाय." मी प्यालो. ते घोटभर पाणी कितव्या नंबरनं आलं होतं हे आता मला माहीत होतं.

चौकशी झाली, तुम्ही लिहून दिलंत, "फळ्याची जिम्मेदारी माझी, कसूर माझा." मी तुम्हाला अडवायला आलो होतो, निदान तसं मी स्वतःला सांगत आलोय. तुम्ही म्हणालात, "तुजं नाव लिवलं तर म्हणतील पोरगं चुकलं, आन तुजी रीत तशीच चालू ठिवतील. माजं लिवलं तर रीत चुकली म्हणतील." तसंच झालं. फळा पुन्हा तुमच्या पद्धतीनं चालू झाला, तुम्हाला गाडीअड्ड्यावर पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं आणि तुमची खुर्ची मला मिळाली. त्या माणसाला फाटकावर स्टूल दिलं. त्याचं चालणं मला ऑफिसात बसून ओळखू यायचं, एक पाय टेकायचा, दुसरा ओढला जायचा. तो मला रामराम न घालता "जय भीम, साहेब" म्हणायचा, अगदी नीट, आणि मी "जय भीम" म्हणायचो, आणि दोघांपैकी कुणी थांबायचं नाही. वर्षभरानं मी पुण्याला गेलो. पुण्यातल्या कारखान्याला चिठ्ठीही तुम्हीच दिलीत. "पोरगं हुशार हाय, ऐकून घेतं," असं लिहिलं होतंत. तुम्ही गेल्याचं मला सहा महिन्यांनी कळलं.

आता परत त्या दहा मिनिटांवर येतो. माझ्याकडं परंड्याची एक मुलगी कामाला आहे, कारखान्याचा सगळा प्रोग्राम तिनंच बांधला. तोंडानं फटकळ, पण कामात चोख. गेल्या आठवड्यात तिनं मला बसवून घेतलं. म्हणाली, "सर, उत्तर आलं नाही म्हणजे माणूस बाहेर आला असं कसं धरायचं?"

मी म्हणालो, "बाहेर आलेला माणूसच विसरतो गं. आतला कशाला विसरेल?"

"आतल्याला प्रश्नच जाणार नाही सर. लोखंडाच्या भांड्यात रेंज कुठली? बाहेर आलेला आळशीपणा करील, आतल्याला तर पत्ताच नाही. दोघांचंही उत्तर सारखंच. काहीच नाही."

तिला फळ्याचं काही माहीत नाही. तिला कुणी सांगितलेलं नाही. परंड्याच्या कुठल्या तरी गल्लीत वाढलेली पोर, स्वतःच्या डोक्यानं तिथवर आली, जिथवर मला तुमच्या चुलीपुढं बसवून न्यावं लागलं होतं.

"कारखान्याची अट आहे," मी म्हणालो. "त्यांना तसंच पाहिजे."

"मग त्यांच्याकडून लेखी घ्या."

"घेतो."

"आणि सफाईला कंत्राटी माणसं असतात सर. त्यातल्या निम्म्यांकडं स्वतःचा मोबाइल नाही. मुकादमाचा नंबर टाकलाय सगळ्यांच्या पुढं. मुकादम बाहेर बसून सगळ्यांचं 'हो' दाबणार."

मास्तर, हे ऐकताना माझ्या कानात ती पिशवी वाजली, नऊ बिल्ल्यांची. मी तिला म्हणालो, बघू. ती उठताना खुर्ची जोरात सरकवून गेली.

मी लेखी घेतलेलं नाही. घेऊच शकत नाही. वर मी लिहिलंय की एमडी म्हणाले, दहा मिनिटांनी "हो" धरा. ते खरं नाही. ते फक्त एवढंच म्हणाले होते की माणसं उत्तर देत नाहीत, आणि बोलता बोलता थांबले. मी ते थांबणं ऐकलं. दुसऱ्या एका कंपनीचा माणूस बाहेर बाकावर बसलेला होता. मी म्हणालो, त्यात काय, दहा मिनिटांनी आपोआप पुढं जाईल असं करून देतो, मिल एक मिनिट थांबणार नाही. त्यांचा चेहरा उजळला. काम मला मिळालं. त्यांनी मागितलं नव्हतं, मी दिलं.

हे तुमच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हालाही हे मिळणार नाही. कागद इथंच ठेवतो, त्या मुलीच्या हाती लागणार नाही असा. तिला वाटतं अट कारखान्याची आहे. एमडींना वाटतं दहा मिनिटांचं सगळीकडं असंच असतं, काकांनी सांगितलंय म्हणजे. उद्या सकाळी आठला तिथं हंगामातली पहिली सफाई आहे. सात माणसं आत उतरायची आहेत, यादी माझ्यासमोर आहे, सातही नावांपुढं एकच नंबर. अट अजून तशीच चालू आहे.